झोप शेजारी, जाग जुन्या वास्तूत: टीडब्ल्यूए टर्मिनलचं हॉटेल

न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर टर्मिनल ५ च्या पुढ्यात पांढऱ्या काँक्रीटची एक बसकी इमारत आहे. छप्पर दोन्ही अंगांना पसरलेलं, सरळ रेष जवळजवळ कुठेच नाही. १९६२ पासून २००१ पर्यंत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे, म्हणजे टीडब्ल्यूएचे प्रवासी इथून विमानात चढत. पुढे सतराहून अधिक वर्षं ती प्रवाशांना बंद होती. १५ मे २०१९ ला तिथे हॉटेल उघडलं. खोल्या ५१२. त्यांतली एकही खोली जुन्या इमारतीत नाही.

जुन्या वास्तूत लोकांना राहायला आणायचं, म्हणजे तिचा निवासी वापर करायचा, असं ठरलं की मालक, बिल्डर आणि कर्ज देणारी बँक, तिघेही आधी एकच विचारतात: किती खोल्या बसतील? इथे त्याचं उत्तर शून्य आलं आणि तरी प्रकल्प उभा राहिला. माझ्या मते शून्य आलं म्हणूनच तो नीट उभा राहिला. पाहुणा जागेपणी जे काही करतो, म्हणजे येणं, थांबणं, खाणंपिणं, गप्पा, नुसतं बघत बसणं, ते सगळं जुन्या वास्तूत ठेवलं. झोप, आंघोळ आणि सामान नव्या इमारतींकडे दिलं. ही वाटणी कशी झाली, तिच्यासाठी काय मोजावं लागलं आणि कुठे ती तोकडी पडली, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

मुळातली इमारत

टीडब्ल्यूएने हे काम एरो सारिनेन या फिनिश-अमेरिकी वास्तुरचनाकाराला दिलं ते १९५० च्या दशकाच्या मध्यात. तेव्हा विमानतळाचं नाव आयडलवाइल्ड होतं. केनेडींचं नाव त्याला १९६३ च्या डिसेंबरात मिळालं. प्रत्येक मोठ्या कंपनीने आपलं वेगळं टर्मिनल बांधायचं, अशी तिथली पद्धत होती. त्यामुळे टर्मिनल म्हणजे कंपनीची जाहिरातच असे. सारिनेनच्या कार्यालयाने या आकारासाठी कागदावरच्या रेघांपेक्षा पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या प्रतिकृतींवर जास्त काम केलं, कारण हे वळसे नकाशात नीट उतरतच नव्हते. स्ट्रक्चरल गणित अमान अँड व्हिटनी या कंपनीचं. सारिनेन १ सप्टेंबर १९६१ ला वारला, वय ५१. इमारत उघडली २८ मे १९६२ ला. शेवटचा टप्पा केविन रोश आणि जॉन डिंकेलू या त्याच्या सहकाऱ्यांनी पार पाडला.

छप्पर म्हणजे काँक्रीटची चार कवचं. ती मधोमध एकमेकांना भेटतात, त्यांच्या मधल्या फटींतून आकाशाचा उजेड आत येतो, आणि सुमारे ६,००० टनांचा सगळा भार इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या चार खांबांवर उतरतो. कडेला कवच पातळ, मध्याकडे जाड. आत भिंत, जमीन, बाक, जिना, काउंटर असे वेगळे तुकडे फारसे दिसत नाहीत. जमिनीची फरशीच वळत वर चढते आणि बाक होते, बाक पुढे कठडा होतो. अर्ध्या इंचाच्या गोल सिरॅमिक फरशीचे लाखो ठिपके या सगळ्यावरून सलग गेले आहेत. हे नुसतं सौंदर्याचं वर्णन नाही. पुढचे सगळे पेच या सलगपणातूनच आले.

इमारत उघडली तेव्हाच ती काहीशी उशिरा आली होती. आखणी झाली पंख्यांच्या विमानांच्या काळात. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं धावू लागली, आणि १९७० मध्ये बोइंग ७४७ आलं. एका विमानातून एकदम तीन-चारशे माणसं उतरू लागल्यावर ही सभागृहं दाटायला लागली. सारिनेनच्या वारसदारांनी त्याच सुमारास विमानात चढण्यासाठी आणखी एक कक्ष जोडला. मग सुरक्षा तपासणी आली, तिच्या रांगा आल्या, आणि माणसांनी मुक्तपणे फिरावं म्हणून बांधलेल्या जागेत दोऱ्या लागल्या. कंपनी १९९२, १९९५ आणि २००१ अशी तीनदा दिवाळखोरीत गेली. शेवटच्या वेळी अमेरिकन एअरलाइन्सने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात टर्मिनलला कुलूप लागलं.

रिकामी वर्षं

न्यूयॉर्क शहराच्या वारसा आयोगाने १९९४ मध्येच इमारतीला संरक्षण दिलं होतं, बाहेरून आणि आतूनही. या ‘आतूनही’ला फार महत्त्व आहे. नुसता दर्शनी भाग संरक्षित असला की विकासक आतलं सगळं उपसतो आणि टरफल तेवढं ठेवतो. इथे आतली जागाच संरक्षित असल्याने ती वाट बंद होती. २००३ मध्ये देशपातळीवरच्या वारसा संस्थेने, नॅशनल ट्रस्टने, तिला अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ स्थळांत घातलं. २००५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ती आली.

धोका पाडण्याचा नव्हता, निरुपयोगी ठरण्याचा होता. विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीने मागच्या जागेत जेटब्ल्यू कंपनीसाठी नवं टर्मिनल ५ बांधायला घेतलं. चंद्रकोरीसारखं वळलेलं ते टर्मिनल ऑक्टोबर २००८ मध्ये उघडलं. त्यासाठी जुने विमानात चढण्याचे कक्ष पाडले गेले, १९७० च्या सुमाराचा तो कक्षही त्यात गेला. मध्यवर्ती सभागृह आणि त्यातून मागे निघणाऱ्या दोन लांबट नळ्या तेवढ्या उरल्या. आता हे डोकं धडाविना होतं. तिकीट काढून, सामान देऊन, नळीतून चालत विमानापर्यंत जायचं, हा तिचा मूळ अर्थच कापला गेला.

या काळात एक प्रयोग झाला तो सांगण्यासारखा आहे. २००४ च्या ऑक्टोबरात तिथे समकालीन कलेचं प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाच्या रात्री गर्दी हाताबाहेर गेली, वास्तूचं नुकसान झालं आणि प्रदर्शन लगेच गुंडाळावं लागलं. रिकाम्या वारसा वास्तूला अधूनमधून कार्यक्रमांवर जगवता येईल, असं मानणाऱ्यांनी ही रात्र लक्षात ठेवावी. अशा इमारतीला रोज उठून दिवे लावणारा, गळकी जागा त्याच दिवशी पाहणारा कुणीतरी लागतो. पाहुणे नसले तरी पाणी झिरपतच असतं.

पोर्ट ऑथॉरिटीने दरम्यान सुमारे २ कोटी डॉलर खर्चून ॲस्बेस्टॉस (जुन्या बांधकामात वापरलेला, फुप्फुसांना घातक तंतू) काढलं आणि मध्यवर्ती भागाची काही डागडुजी केली. काम बियर ब्लाइंडर बेल या जतनकामातल्या नावाजलेल्या कार्यालयाचं होतं. हा खर्च सार्वजनिक यंत्रणेने आधी केला हे पुढच्या विकासकाच्या पथ्यावर पडलं. ॲस्बेस्टॉस किती निघेल हे काम सुरू करण्याआधी कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि असा आकडा डोक्यावर असताना खासगी पैसा येत नाही. तरीही हॉटेलसाठीची एक बोलणी २०१४ च्या सुमाराला फिसकटली. मग एमसीआर या हॉटेल कंपनीची निवड झाली. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर जागा घेऊन तिने १५ डिसेंबर २०१६ ला भूमिपूजन केलं.

घरं का नाहीत?

हॉटेल म्हणजे घर नव्हे, तेव्हा याला निवासी वापर का म्हणायचं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. विमानतळाच्या कुंपणाच्या आतली वास्तू असेल तर निवासी वापराची हद्द बहुधा इथेच संपते. त्याचं कारण आवाजाच्या नियमांत आहे.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या नियमावलीत, भाग १५० मध्ये, जमीनवापराचा एक तक्ता आहे. त्यात दिवस-रात्रीचा सरासरी आवाज मोजतात, आणि रात्री दहा ते सकाळी सात या वेळेतल्या प्रत्येक विमानाला १० डेसिबल जास्तीचे लावतात, कारण झोपमोड होते. ही सरासरी ६५ च्या वर गेली की राहती घरं विसंगत ठरतात. स्थानिक यंत्रणेने जबाबदारी घेऊन, भिंती-खिडक्यांनी आवाज अडवण्याची अट घालून परवानगी दिली तर ७५ पर्यंत मुभा मिळू शकते. पाहुण्यांच्या तात्पुरत्या मुक्कामाला हीच मुभा ८० पर्यंत आहे. दोन रात्री आवाजात काढणं वेगळं आणि लेकरं वाढवणं वेगळं, हा साधा हिशोब त्यामागे आहे. शिवाय विमानतळाच्या मालकीच्या जमिनीवर कायमची वस्ती प्रशासनाला नकोच असते. आज घर घेणारा उद्या धावपट्टीच्या विरोधात तक्रार घेऊन उभा राहतो, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे.

विमानतळ बंद झाला असेल तर गोष्ट बदलते. आवाज गेलेला असतो, मग हँगरात (विमानं ठेवायच्या शेडमध्ये) किंवा नियंत्रण मनोऱ्यात घरं करता येतात. चालू विमानतळावर मात्र तात्पुरता मुक्काम हाच निवासी वापर. आणि त्याला इथे तयार गिऱ्हाईक होतं. विमान चुकलेले, पहाटेचं विमान असलेले, दोन विमानांच्या मध्ये आठ तास अडकलेले लोक रोज या दारावरून जातात. म्हणून हे हॉटेल रात्रीच्या हिशोबाबरोबर काही तासांसाठीही खोल्या देतं. एकच खोली एका दिवसात दोनदा विकता येणं हा विमानतळावरच्या हॉटेलचा मोठा आर्थिक आधार असतो.

आत खोल्या का नाहीत?

समजा वारसा कायदा नसता. तरी या कवचाखाली झोपायच्या खोल्या घालणं शहाणपणाचं नव्हतं.

खोलीला चार भिंती लागतात आणि त्या भिंतींना वर छपराला टेकावं लागतं. इथे छप्पर हातभरावर उंची बदलतं. प्रत्येक भिंतीचा माथा वेगळ्या वळणात कापायचा, वर सांधा भरायचा, आणि तो सांधा आगीत तासभर टिकायला हवा. खोल्या म्हटल्या की आगीपासून सुरक्षित मार्गिका आणि दोन वेगळ्या वाटा आल्या. या इमारतीची सगळी मजा अशी की एका जागी उभं राहून पलीकडचं टोक दिसतं. अग्निशमनाच्या दृष्टीने तोच तिचा दोष. धूर अडवायला काही नाही. सभागृह म्हणून वापरताना यावर धूर बाहेर ओढणं, पाण्याचे फवारे, रुंद वाटा असे उपाय चालतात, कारण माणसं जागी असतात. झोपलेल्या माणसाला ते पुरत नाहीत.

मग पाणी. प्रत्येक खोलीला संडास-न्हाणी, त्याला उतार असलेली सांडपाण्याची वाहिनी, वायुवीजनाची नळी. त्या कुठून तरी स्लॅब किंवा कवच भेदून जाणार. साध्या चौकटी इमारतीत स्लॅबला भोक पाडलं तर भार आजूबाजूच्या तुळयांवर जातो. कवचात तुळई नसते. त्याच्या जाडीतूनच जोर वाहतो, त्यातली लोखंडी सळई कुठेही कापून चालत नाही.

तिसरी अडचण थंडी-उन्हाची. १९६२ च्या या काँक्रीटला उष्णतारोधक थर नाही. हिवाळ्यात आतल्या दमट हवेतलं पाणी गार पृष्ठभागावर सुटतं. आतून थर लावला तर संरक्षित पृष्ठभाग झाकला जातो, बाहेरून लावला तर छपराची पातळ कड जाड होते, आणि कड गेली की सारिनेन गेला. मोठ्या सभागृहात ही अडचण सोसते, कारण हवेचा आवाका मोठा असतो आणि कुणी कोट घालून बसलं तरी चालतं. पंधरा फुटांच्या बंद खोलीत, रोजच्या आंघोळीच्या वाफेत, महिन्याभरात बुरशी धरली असती.

एवढं मांडल्यावर ‘शून्य खोल्या’ हा त्याग वाटत नाही. या वास्तूला झेपत होतं तेवढंच काम तिला दिलं.

दोन नवे पंख

खोल्यांसाठी जुन्या सभागृहाच्या मागे, टर्मिनल ५ आणि सभागृह यांच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना दोन वळणदार इमारती बांधल्या. एकीला सारिनेनचं नाव, दुसरीला हॉवर्ड ह्यूजचं, जो एकेकाळी टीडब्ल्यूएचा मालक होता. वास्तुरचना लुब्रानो चिआवारा या कार्यालयाची, खोल्यांची अंतर्गत रचना स्टोनहिल टेलरची. दोन्ही इमारती गडद काचेच्या, जवळजवळ मुक्या. समोरून पाहिलं तर त्या पांढऱ्या छपरामागचा काळसर पडदा होऊन राहतात.

अमेरिकेत वारसा वास्तूंच्या पुनर्वापरासाठी इंटीरियर खात्याची (हे पोलीस सांभाळणारं गृहखातं नव्हे, राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं सांभाळणारं खातं) दहा तत्त्वं आहेत. त्यांतलं नववं सांगतं की नवी जोड जुन्याहून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि तरी जुन्याशी जुळली पाहिजे. हे म्हणायला सोपं. खोल्यांच्या इमारतीही पांढऱ्या, वळणदार काँक्रीटच्या केल्या असत्या तर नकली सारिनेन झाला असता. चौकोनी, चकचकीत केल्या असत्या तर त्याच डोळ्यांत भरल्या असत्या. गडद रंग आणि बेताची उंची हा उपाय फार कल्पक आहे असं मी म्हणणार नाही, पण नेमका आहे.

नव्या इमारती सभागृहाला थेट चिकटवल्या नाहीत. पूर्वी विमानाकडे नेणाऱ्या त्या दोन नळ्यांना वाटेत दार काढून जोडल्या. हा मला या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत हुशार निर्णय वाटतो. सभागृहाच्या अंगावर ओरखडा नाही, आणि नळ्यांना पुन्हा काम मिळालं. सामान घेऊन त्या वाकलेल्या बोगद्यातून चालायचं, शेवट दिसत नाही आणि मग दार येतं, हा अनुभव विमानाऐवजी खोलीकडे वळला. टोकाला नळ्या आजही टर्मिनल ५ ला भेटतात, म्हणजे विमानाकडे जाणारी मूळ वाटही पुरती मेली नाही.

खोल्यांचा खरा खर्च खिडक्यांत आहे. काचेचे सात थर आणि मधल्या पोकळ्या धरून जाडी साडेचार इंच. नुसती जाड काच का नाही? वजन दुप्पट केलं की आवाज साधारण सहाच डेसिबलने कमी होतो. म्हणजे फक्त जाडीवर भिस्त ठेवली तर काच उचलवणार नाही इतकी जड होते. त्याऐवजी वेगवेगळ्या जाडीच्या काचा घेतात, म्हणजे एकीतून सुटणारा सूर दुसरीत अडकतो. काचांच्या मध्ये चिकट पातळ थर घालतात, तो कंप मुरवतो. आणि हवेची रुंद पोकळी ठेवतात. यात एक मेख आहे. चौकटीच्या कडेला पेन्सिलीएवढी फट राहिली तरी सगळा खटाटोप वाया. आवाजाच्या कामात काचेइतकाच पैसा सांध्यांत घालावा लागतो, आणि तपासणी तिथेच कडक हवी. धावपट्टीकडच्या खोलीत विमान दिसतं पण घरघर येत नाही, ते यामुळे.

पैशांचं गणित मात्र ५१२ खोल्यांवरही पुरतं बसत नव्हतं. म्हणून जमिनीखाली सुमारे ५०,००० चौरस फुटांची बैठकांची आणि समारंभांची जागा केली. उंची वाढवायची नाही तर खाली जाणं आलं. चार खांबांवर तोललेल्या कवचाच्या शेजारी खोदकाम म्हणजे जोखीम. एक खांब थोडा खचला तरी चारही कवचांतला तोल बदलतो. अशा ठिकाणी खोदताना खांबांवर मोजणीच्या खुणा लावून हालचालीवर सतत नजर ठेवावीच लागते.

विजेची सोयही स्वतःची. गॅसवर चालणारा संच वीज तयार करतो आणि त्याची वाया जाणारी उष्णता पाणी तापवायला, हवा गार करायला वापरली जाते. हॉटेलला हे परवडतं, कारण तिथे गरम पाण्याची मागणी चोवीस तास असते. कार्यालयात संध्याकाळी सहानंतर त्या उष्णतेचं करायचं काय, हा प्रश्न पडला असता.

काच आणि ठिपके

जुन्या सभागृहात नवं काही उभारण्यापेक्षा होतं ते पुन्हा जिवंत करण्यावर भर होता, आणि इथेच बारकाव्याची कसोटी लागली. कवचाखालच्या मोठ्या काचभिंती बाहेरच्या बाजूला झुकलेल्या आहेत. तावदानं शेकडो, आकार वेगवेगळे. ती धातूच्या चौकटीत निओप्रिन रबराच्या पट्टीने बसवलेली होती, गाडीची पुढची काच बसवतात त्या धर्तीवर. निओप्रिन काही दशकांत कडक होतं, चिरतं, आणि पाणी आत येतं. काचाही आजच्या सुरक्षेच्या निकषांत बसत नव्हत्या. तावदानं बदलली, पट्ट्या नव्या केल्या, पण चौकटीची बारीक रेष तीच ठेवली. दुहेरी काच घातली असती तर वीज वाचली असती. चौकट मात्र जाड करावी लागली असती. इथे ऊर्जेपेक्षा रेषेला झुकतं माप देणं बरोबर होतं. खोल्यांच्या इमारतीत सात थरांची काच आणि इथे जुन्या पद्धतीची, हे एकाच प्रकल्पात जमलं ते कामाची वाटणी आधी झाल्यामुळे.

गोल फरशीची गोष्ट आणखी चिवट. जुन्या ठिपक्यांचा रंग एकसारखा पांढरा नाही. जवळजवळ चाळीस वर्षांच्या पायांनी आणि धुण्याने त्याला एक मळकट मऊपणा आला आहे. नवी फरशी कोरी पांढरी लावली तर ठिगळ लांबून दिसतं. म्हणून मुद्दाम जुळणारी फरशी बनवून घेतली. वळलेल्या पृष्ठभागावर ती जाळीवरून सरसकट चिकटवून चालत नाही, वळणात ठिपके फाकतात. हाताने एकेक सारखे करावे लागतात. याला कारागीर लागतात आणि वेळ लागतो, आणि निविदेत या कामाची तासांत किंमत लिहिणारा ठेकेदार सापडणंच अवघड असतं.

पायऱ्यांनी वेगळं डोकं खाल्लं असणार. ही इमारत अर्ध्या-अर्ध्या पातळ्यांवर चढते-उतरते, मधली बैठक तर जमिनीत खोलगट आहे. अपंगांच्या सोयीचा १९९० चा कायदा वारसा वास्तूला थोडी ढील देतो, सूट देत नाही. सर्व बैठकांपर्यंत सगळ्यांना सारख्याच वाटेने नेणं सारिनेनच्या आराखड्यात मुळात नव्हतं, आणि जतनाच्या कामात ही उणीव पूर्ण भरून निघणं कठीणच असतं.

मधल्या बैठकीचा लाल गालिचा, इटलीतल्या उदिनेच्या सोलारी कंपनीचा पाट्या फडफडवणारा वेळापत्रक-फलक, काउंटर, सगळं परत आलं. काउंटरवर आता हॉटेलची नोंदणी होते.

जे बिघडलं आणि जे उरलं

टीकाकारांचा एक आक्षेप सजावटीवर आहे. खोल्यांत गोल तबकडीचे फोन, सारिनेनच्याच खुर्च्या, सगळीकडे १९६२ चा सूर. बाहेर १९५८ चं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान उभं करून त्यात मद्यालय काढलं आहे. (हे विमान टीडब्ल्यूएनंतर मालवाहू झालं आणि एका काळात गांजाच्या तस्करीतही वापरलं गेलं, सजावटीपेक्षा त्याची कुंडली जास्त रंगतदार आहे.) इमारत ३९ वर्षं वापरात होती, तिला एका वर्षात गोठवणं हा इतिहासाचा सोयीचा तुकडा झाला, हे म्हणणं मला पटतं. त्याच दहा तत्त्वांतलं चौथं सांगतं की नंतर झालेल्या ज्या बदलांना स्वतःचं मोल आलं आहे तेही जपावेत. १९७० च्या सुमाराचा तो कक्ष तर हॉटेलवाल्यांच्या आधीच गेला होता, तेव्हा त्याचा दोष त्यांच्यावर नाही. पण उरलेल्या जागेत नंतरच्या दशकांची खूण कमी आहे.

दुसरं नुकसान जास्त मोठं आणि कायमचं. खोलगट बैठकीसमोरची ती भव्य काच विमानांकडे पाहण्यासाठी होती. बसलेला माणूस, वळणदार चौकट, आणि पलीकडे सुटायला तयार विमान, असा तो देखावा बांधला होता. आज त्या काचेतून कॉन्स्टेलेशन दिसतं आणि त्यामागे टर्मिनल ५. धावपट्टी पाहायची तर नव्या इमारतीच्या गच्चीवर, पोहण्याच्या तलावापाशी जावं लागतं. म्हणजे जी नजर जुन्या वास्तूची होती ती नव्या वास्तूला मिळाली. २००५ मध्ये मागचं टर्मिनल बांधायला घेतलं तेव्हाच हे ठरून गेलं, हॉटेलने ते फक्त स्वीकारलं.

आता इतरत्र हे करता येईल का? लिव्हरपूलच्या स्पीक विमानतळाचं १९३० च्या दशकातलं टर्मिनल १९८६ मध्ये निवृत्त झालं आणि २००१ मध्ये हॉटेल म्हणून उघडलं. तिथेही खोल्यांसाठी नवे भाग जोडावे लागले. जुन्या भागात स्वागतकक्ष आणि बैठका राहिल्या. उलट उदाहरण लंडनच्या क्रॉमवेल रोडवरच्या वेस्ट लंडन एअर टर्मिनलचं. तिथे शहरातच सामान देऊन बसने हीथ्रोला जायची सोय होती. वर कार्यालयांचे सरळ, एकसारखे मजले होते, त्यामुळे पुढे त्याचे फ्लॅट सहज झाले. लोक खरोखर राहतात, पण ही इमारत एकेकाळी विमानप्रवासाची होती हे आज तिच्याकडे पाहून कुणाला कळणार नाही.

सरळ मजल्यांची इमारत घरं पोटात घेते आणि ओळख सोडते. सभागृहासारखी इमारत ओळख राखते पण घरं घेत नाही, तिला शेजारी जमीन लागते. टीडब्ल्यूएला ती मिळाली, कारण पाडलेल्या कक्षांची आणि मधल्या पट्ट्याची जागा मोकळी होती आणि सगळ्या जमिनीचा मालक एकच होता. दाट वस्तीत अडकलेल्या, चार मालकांच्या हँगराला ही युक्ती सुचवून उपयोग नाही. तिथे खोल्या आत घ्याव्या लागतील, आणि मग निदान एक गाळा तरी पूर्ण उंचीचा, न विभागलेला सोडायचा का, यावर मालकाशी भांडावं लागेल. तो गाळा विकला जात नाही, म्हणून भांडण अवघड.

टीडब्ल्यूएच्या बाबतीत पुढचा खर्चही ठरलेलाच आहे. नव्या निओप्रिनच्या पट्ट्या काही दशकांनी पुन्हा कडक होतील, आणि झुकलेल्या काचेखालून पुन्हा पाणी येईल. तोपर्यंत भाडेपट्टा चालू असेल, आणि मचाण बांधून शेकडो तावदानं परत उतरवण्याचं बिल बैठकीतल्या आणि शेजारच्या खोल्यांतल्या कमाईतूनच निघायचं आहे.